टीव्हीवरचा गाईड रिकामा का दिसतो? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या सेट-टॉप बॉक्सची गोष्ट

रात्रीचे आठ वाजलेत. टीव्हीवर रोजची मराठी मालिका सुरू आहे. रिमोटवरचं 'इन्फो'चं बटण दाबलं की पडद्याखाली पट्टी येते, आणि तिच्यावर मालिकेच्या नावापुढे वेळ असते दुपारी अडीचची. दुसऱ्या घरात पट्टी येते, पण तिच्यात नुसतं 'माहिती उपलब्ध नाही'. तिसऱ्या घरात नावाच्या जागी रिकामे चौकोन. उल्हासनगरच्या कॅम्पात, अंबरनाथच्या चाळीत, बदलापूरच्या नव्या टॉवरमध्ये, सगळीकडे यातला एखादा प्रकार सापडतोच. मग कुणीतरी बॉक्सला दोन चापट्या मारतं, केबलवाल्याला फोन जातो आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "स्विच बंद करा आणि पाच मिनिटांनी चालू करा."

गंमत म्हणजे हे उत्तर बऱ्याचदा बरोबर असतं. ते का बरोबर असतं हे मात्र फोनवर कुणी सांगत नाही.

तिन्ही घरांतली तक्रार वरून सारखी वाटते, पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत. ती कळायची तर आधी एक गैरसमज काढून टाकावा लागतो.

गाईड बॉक्समध्ये नसतोच

कल्याण स्टेशनवरचा इंडिकेटर आठवा. त्या पाटीला गाडी कुठे आहे, किती वाजता येणार हे स्वतःहून काहीच माहीत नसतं. आतून जे पाठवलं जातं ते ती दाखवते. कर्जत लोकल दहा मिनिटं उशिरा येत असेल आणि आतल्या माणसाने आकडा बदलला नसेल, तर पाटी बिनदिक्कत जुनी वेळ दाखवत राहते.

सेट-टॉप बॉक्सवरचा गाईड, ज्याला कंपन्या ईपीजी म्हणतात, तसाच चालतो. चॅनलवाले आपलं वेळापत्रक केबल किंवा डीटीएच कंपनीला देतात. कंपनीच्या मुख्य केंद्रात, म्हणजे हेडएंडमध्ये, ते एका सर्व्हरवर भरलं जातं. तिथून ते चित्र आणि आवाजाच्या बरोबरीनेच, छोट्या छोट्या तुकड्यांत, पुन्हा पुन्हा फिरवत पाठवलं जातं. आपल्याकडच्या केबल आणि डीटीएचमध्ये युरोपातून आलेली डीव्हीबी नावाची पद्धत वापरतात. त्या पद्धतीत या माहितीचे दोन भाग असतात. एक 'आता काय आणि पुढे काय', दुसरा पुढच्या काही दिवसांचं पूर्ण वेळापत्रक. पहिला भाग दर एक-दोन सेकंदांनी पुन्हा येतो, दुसरा जरा सावकाश. पहिला भाग बहुतेक जण पाठवतात, दुसऱ्यात बरेच जण हात आखडता घेतात. म्हणून काही घरांत चालू कार्यक्रमाचं नाव बरोबर दिसतं आणि उद्याचा रकाना मात्र कोरा असतो.

बॉक्स हे तुकडे गोळा करून आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो. वीज गेली की ही स्मृती पुसली जाते. पावसाळ्यात बदलापूरला वीज येऊन-जाऊन असली की गाईड दर वेळी पहिल्यापासून भरावा लागतो, त्याला काही मिनिटं लागतात. "बंद करून चालू करा" हे उत्तर लागू पडतं ते याचमुळे. स्मृतीत अर्धवट किंवा शिळी माहिती अडकलेली असेल तर ती साफ होते आणि बॉक्स नव्याने गोळा करायला लागतो.

आणखी एक बारकावा आहे. एका फ्रीक्वेन्सीवर दहा-पंधरा चॅनल्स एकत्र येतात. साधा बॉक्स त्या वेळी ज्या फ्रीक्वेन्सीवर असतो, तेवढीच माहिती ऐकतो. बाकीच्या चॅनल्सची माहिती कंपनी तिथेही फिरवत असेल तर ठीक, नाहीतर त्या त्या चॅनलवर जाऊन थोडं थांबेपर्यंत त्यांचा रकाना रिकामाच राहतो. गावातल्या केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल असतं, आरत्या, सिनेमे, स्थानिक जाहिराती दाखवणारं, त्याचा गाईड तर सहसा कुणी भरतच नाही.

रविवारचा महाएपिसोड हे चुकीच्या गाईडचं घरोघरी सापडणारं उदाहरण. अर्ध्या तासाची मालिका त्या दिवशी एक किंवा दोन तासांची होते, पण सर्व्हरवर जुनंच वेळापत्रक राहिलं तर गाईड ठामपणे सांगतो की मालिका संपली, आता दुसरी सुरू आहे. क्रिकेटचा सामना लांबला तरी तेच. यात बॉक्सचा काडीचाही दोष नाही.

एक स्टेशन पुढे, पावणेतीन वर्षं मागे

हा बॉक्स या तीन शहरांत आला कसा, ते बघण्यासारखं आहे.

डिसेंबर २०११ मध्ये केबल टीव्हीच्या १९९५च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि देशभर टप्प्याटप्प्याने ॲनालॉग केबल बंद करायचं ठरलं. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरं, मुदत ३१ ऑक्टोबर २०१२. दुसऱ्या टप्प्यात दहा लाखांवर वस्तीची ३८ शहरं, मुदत ३१ मार्च २०१३. या ३८ मध्ये ठाणे, नवी मुंबई होती आणि कल्याण-डोंबिवलीही होतं, कारण २०११च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती.

उल्हासनगर त्या जनगणनेत साधारण ५ लाख ६ हजार, अंबरनाथ अडीच लाखांच्या आसपास, बदलापूर पावणेदोन लाख. तिन्ही शहरं दहा लाखांच्या रेषेखाली, म्हणजे तिसऱ्या टप्प्यात, आणि त्याची ठरलेली मुदत ३१ डिसेंबर २०१५. कल्याणहून कर्जतची लोकल सुटली की विठ्ठलवाडीनंतर लगेच उल्हासनगर येतं. गाडीला काही मिनिटं लागतात, कायद्याला पावणेतीन वर्षं लागली. पुढे तिसऱ्या टप्प्याची प्रकरणं वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गेली आणि तो प्रत्यक्षात २०१७ च्या सुरुवातीपर्यंत रेंगाळला.

मधल्या काळात काय झालं असेल याची कल्पना करता येते. परळ-लालबागची खोली विकून बदलापूरला घर घेणारी कुटुंबं याच वर्षांत मोठ्या संख्येने इकडे येत होती. मुंबईत पैसे मोजून घेतलेला बॉक्स सामानात बांधून आणला, तर इथे तारेतून ॲनालॉग सिग्नल येतोय. बॉक्सला काहीच कळत नाही. टीव्हीत तार थेट खोचली की चॅनल्स दिसतात, गाईड मात्र नाही, कारण ॲनालॉग केबलमध्ये असा गाईड नव्हताच. लोक वर्तमानपत्रातला टीव्हीचा रकाना बघायचे.

नंतर मुदत जवळ आली तेव्हा इथेही बॉक्स घरोघरी गेले. त्या काळात साधे एसडी बॉक्स सर्रास बसवले गेले आणि त्यातले बरेच अजून चालू आहेत. स्मृती कमी, प्रोसेसर मंद. आठवड्याचं वेळापत्रक साठवायची त्यांची ऐपतच नाही, म्हणून गाईड उघडायला वेळ लागतो किंवा बाण दाबला की पुढचा रकाना अर्धा मिनिट विचार करतो. जुना जाड काचेचा टीव्ही असेल तर आणखी एक अडचण. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडलेल्या अशा टीव्हीवर चित्राच्या कडा पडद्याबाहेर जातात आणि गाईडच्या पहिल्या-शेवटच्या ओळी कापल्या जातात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार ४:३ केला की बहुतेक वेळा हे सुटतं.

रात्रीचे आठ आणि दुपारचे अडीच

आता पहिल्या घरातला प्रश्न. आठची मालिका अडीचची का दिसते?

डीव्हीबी पद्धतीत गाईडमधली वेळ भारतीय वेळेत पाठवत नाहीत, जागतिक प्रमाणवेळेत पाठवतात. भारताची वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. बॉक्सने ते साडेपाच तास मिळवायचे असतात. ते मिळवले नाहीत तर रात्री आठचे दुपारी अडीच होतात. आणि बॉक्सवर चीनची वेळ, म्हणजे आठ तास, तशीच राहिली असेल तर आठचे साडेदहा.

केबल किंवा डीटीएच कंपनीने दिलेल्या बॉक्सवर हे सहसा होत नाही, कारण त्यांचं सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यात असतं. हे होतं ते डीडी फ्री डिशसाठी बाजारातून आणलेल्या बॉक्सवर. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचं शुल्क नाही आणि बॉक्स कुठल्याही दुकानातून घेता येतो. त्यामुळे उल्हासनगरच्या बाजारातला कुठलाही बॉक्स चालतो, पण त्याची वेळ आपल्यालाच लावावी लागते. मेनूमध्ये 'टाइम झोन' शोधायचा, +५:३० करायचा. दोन मिनिटांचं काम आहे आणि कित्येक घरांत वर्षानुवर्षं राहून गेलेलं आहे.

फ्री डिशवर एक गोष्ट मात्र सेटिंगने सुटत नाही. तिथे काही चॅनल्स जुन्या एमपेग-२ पद्धतीने येतात, काही नव्या एमपेग-४ पद्धतीने. जुना बॉक्स एमपेग-४ उलगडू शकत नाही. मग चॅनलचं नाव यादीत दिसतं, कधी गाईडमध्ये कार्यक्रमाचं नावही येतं, पण पडदा काळा. नाव ही साधी अक्षरं आहेत, ती बॉक्सला वाचता येतात, चित्र उलगडता येत नाही. अशा वेळी डिश हलवून उपयोग नाही, बॉक्स बदलावा लागतो. डिश हलवायची वेळ येते ती वेगळ्या कारणाने. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, आपल्या भागातून आग्नेयेकडे. त्या दिशेला जवळच नवा टॉवर उभा राहिला की काल दिसणारं सगळं आज गायब. बदलापूरमध्ये ही काही दुर्मीळ घटना नाही.

मराठी मालिका, रोमन अक्षरं

रिकाम्या चौकोनांचं कारण लिपीत आहे. डीव्हीबीची मूळ अक्षरं रोमन. देवनागरी पाठवायची सोय आहे, युनिकोड वापरता येतो, पण त्यासाठी बॉक्समध्ये देवनागरी फॉन्ट हवा. नुसता फॉन्टही पुरत नाही. वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, 'क्ष' आणि 'र्य' नीट जोडायचे, हे काम करणारं सॉफ्टवेअर हवं. स्वस्त बॉक्समध्ये ते नसतं, मग चौकोन येतात किंवा पाय मोडलेली अक्षरं.

यावर बहुतेक कंपन्यांनी काढलेला मार्ग म्हणजे मराठी नावं रोमन लिपीत पाठवणं. ते सगळ्या बॉक्सवर चालतं, वाचायला मात्र त्रासदायक. के, ए, एल अशी तीन अक्षरं दिसली तर ते काल आहे, काळ आहे, कळ आहे की कल, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. आणि ज्या आजीला इंग्रजी अक्षरं वाचताच येत नाहीत, तिच्यासाठी गाईड असून नसल्यासारखा. ती चॅनलचा नंबर पाठ करते, किंवा नातवंडं रिमोटच्या मागे चिठ्ठी चिकटवून देतात. या एका बाबतीत आठ-दहा कोटी लोकांची भाषा अजून चिठ्ठीवर चालते, हे जरा खटकणारंच आहे.

तो पाठ केलेला नंबरही कंपनीने मनाला येईल तेव्हा बदलू नये, असा नियम आहे. ट्रायने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार चॅनलला दिलेला नंबर किमान एक वर्ष बदलता येत नाही. गाईडमध्ये चॅनल्स प्रकारानुसार लावायचे, बातम्या एकत्र, सिनेमे एकत्र, आणि प्रत्येक प्रकारात एका भाषेचे चॅनल्स सलग. एक चॅनल एकाच जागी. काही वृत्तवाहिन्या दोन-तीन नंबरांवर एकदम दिसू लागल्या होत्या, ते या नियमात बसत नाही.

पण बॉक्स चालू करताच भलतंच चॅनल का उघडतं? त्याला लँडिंग चॅनल म्हणतात आणि त्या जागेसाठी पैसे मोजले जातात. आपण ते निवडलेलं नसतं, तरी पाहणाऱ्यांच्या आकड्यात आपली भर पडू शकते. ट्रायने डिसेंबर २०१८ मध्ये यावर बंधन आणलं, पुढच्या वर्षी टीडीसॅट या लवादाने तो आदेश रद्द केला. त्यामुळे ते चॅनल अजूनही उघडतं.

उल्हासनगरमध्ये गाईड आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि तिथेच हे शहर वसलं. सिंधी भाषेचं चोवीस तासांचं दूरदर्शन चॅनल असावं यासाठी एका संस्थेने न्यायालयात दाद मागितली होती. प्रसार भारतीचं म्हणणं होतं की डीडी सह्याद्री, डीडी गिरनार आणि डीडी राजस्थान या चॅनल्सवर सिंधी कार्यक्रम दाखवले जातात. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही दखल दिली नाही. म्हणजे ज्याला आपल्या भाषेतला कार्यक्रम बघायचा आहे, त्याने तो मराठी, गुजराती, राजस्थानी चॅनलच्या वेळापत्रकात शोधायचा. स्वतंत्र चॅनल असतं तर नंबर पाठ करून भागलं असतं. दिवसातला एखादा छोटा कार्यक्रम शोधायला गाईडच लागतो, आणि तो रिकामा असेल तर कार्यक्रम असून नसल्यासारखा.

नवा स्मार्ट टीव्ही, जुनाच प्रश्न

हप्त्यावर मोठा टीव्ही येतो. त्याच्या रिमोटवर 'गाईड' असं ठळक बटण असतं. दाबलं की कोरा तक्ता. दुकानदाराला फोन.

इथे दोन गाईडांची गल्लत होते. टीव्हीचा स्वतःचा गाईड टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरसाठी असतो, म्हणजे तार किंवा अँटेना थेट टीव्हीत खोचली तर. बॉक्स एचडीएमआयने जोडला की टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाजच पोचतो, वेळापत्रकाचे तुकडे बॉक्समध्येच राहतात. टीव्हीच्या दृष्टीने तो बॉक्स आणि सीडी प्लेअर सारखेच. म्हणून बॉक्सच्याच रिमोटवरचं गाईडचं बटण दाबायचं. बाजारातला सगळ्यांना चालणारा रिमोट घेतला असेल तर त्यावर आवाज आणि नंबर चालतात, गाईडचं बटण बऱ्याचदा चालत नाही.

काही जण केबलची तार थेट नव्या टीव्हीत खोचून बघतात. टीव्ही चॅनल्स शोधतो, नावंही दाखवतो, पण चित्र उघडत नाही. कारण चित्राला कुलूप आहे आणि किल्ली कंपनीच्या बॉक्समध्ये किंवा त्याच्या कार्डात.

सगळ्या गोष्टीचं मूळ या कुलपात आहे. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा सरकारने जुन्या टीव्हीसाठी कन्व्हर्टर बॉक्स घ्यायला ४० डॉलरची कूपनं वाटली. तो बॉक्स कुठल्याही शहरात, कुठल्याही केंद्रासाठी चालायचा, गाईडसकट, कारण हवेतून येणाऱ्या त्या चॅनल्सना कुलूप नव्हतं. आपल्याकडे डिजिटल झालं ते मुख्यतः केबल आणि डीटीएचमधून, आणि तिथे प्रत्येक कंपनीचं कुलूप वेगळं, गाईडचं सॉफ्टवेअर वेगळं. कल्याणहून अंबरनाथला राहायला गेलं आणि तिथल्या केबलवाल्यामागची कंपनी दुसरी निघाली, की चांगला चालणारा बॉक्स माळ्यावर जातो.

हे बदलायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. डीटीएचच्या परवान्यात दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालेल अशी खाच बॉक्समध्ये असावी, अशी अट सुरुवातीपासून होती, घरात तिचा उपयोग जवळपास कुणालाच झाला नाही. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने शिफारस केली की सगळे बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावेत, आणि किल्ली यूएसबीच्या छोट्या साधनात असावी, म्हणजे कंपनी बदलली की तेवढंच बदलायचं. भारतीय मानक ब्यूरोने टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर असावा यासाठी आयएस १८११२:२०२२ हे मानकही काढलं. तसा टीव्ही घेतला तर फ्री डिशसारखे मोफत चॅनल्स बॉक्सशिवाय दिसू शकतात, आणि तेव्हा टीव्हीच्या रिमोटवरचं ते गाईडचं बटण खरोखर कामाला येतं. पैशाच्या चॅनल्सचं कुलूप मात्र तिथेही राहतं.

गाईडमध्ये किंमतही असते

गाईडचा एक उपयोग लोकांच्या फारसा लक्षात येत नाही. ट्रायची नवी दरपद्धत १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली तेव्हा पैशाच्या प्रत्येक चॅनलची महिन्याची कमाल किंमत गाईडमध्ये दिसली पाहिजे असं ठरलं. चॅनलवर जाऊन इन्फो दाबलं की ती दिसायला हवी. ९९९ नंबरचं चॅनल ग्राहकांच्या माहितीसाठी ठेवायला सांगितलं. त्या वेळी पहिल्या १०० चॅनल्ससाठी मूळ शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० चॅनल्स द्यायचे ठरले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली आणि शुल्क कंपन्यांवर सोडलं. त्यामुळे आता दोन कंपन्यांचा आकडा वेगळा असू शकतो. केबलवाला दारात येऊन तोंडी रक्कम सांगतो तेव्हा पडताळून बघायला गाईडमधली किंमत आणि पावती एवढंच हातात असतं.

बॉक्स नवा घ्यायची वेळ आली तर पैसे देण्याआधी शेजारच्या घरात, त्याच कंपनीच्या चालू बॉक्सवर, तीन गोष्टी बघून घेता येतात. उद्याचं वेळापत्रक दिसतं का, चॅनलची किंमत दिसते का, आणि मराठी नावं देवनागरीत येतात का. बॉक्स विकत आहे की भाड्याने, आणि भाड्याने असेल तर परत करताना अनामत मिळणार का, हे पावतीवर लिहून घ्यायचं. आणि जुन्याच बॉक्सचा गाईड बिघडला असेल तर आधी शेजारच्या घरी बघायचं. तिथेही रिकामा असेल तर दोष हेडएंडला आहे, तुमच्या बॉक्सला नाही. अशा वेळी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक मागायचा, आणि बॉक्स बदलायला म्हणून कुणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत.